कडेवरचे मूल
(मंडळाच्या मेळाव्यातील भाषण)



आम्ही बँकेत नोंदी करणारे, कला शाखेचे पदवीधर. वैद्यकाचा आम्हाला गंध नाही. परंतु निराधार योजनेचे पैसे काढायला येणाऱ्या काही आयांच्या कडेवर पाच-सहा वर्षांचे मूल असते आणि सही करायलाही ते खाली ठेवता येत नाही. हे वर्षानुवर्षे पाहिले, म्हणून हा विषय.

बाळ साधारण चौथ्या महिन्यात मान धरते, नवव्यापर्यंत आधाराशिवाय बसते, दीड वर्षापर्यंत चालते. उशीर झाला की आपल्याकडे आजी म्हणते, "याना बाप बी उशिरा चालना." मग मालीश, गंडादोरा, आणि दोन वर्षे निघून जातात. सेरेब्रल पाल्सी ही वाढत्या मेंदूला झालेली इजा. ती भरून येत नाही. पण व्यायाम लवकर सुरू झाला तर स्नायू आखडणे, सांधे वाकडे होणे बरेच टाळता येते. जन्मतः आत वळलेल्या पावलाचे तर अधिक चांगले: पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ आणतात, पुढे काही वर्षे रात्री खास बूट घालतात.

सन 2013 मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी करते. पथकात डॉक्टर, परिचारिका, औषधनिर्माता असतात. फिजिओथेरपिस्ट मात्र जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात. म्हणजे दोष गावात सापडतो आणि उपचार जळगाव-धुळ्याला राहतो! शिरपूरच्या पाड्यावरून धुळे गाठायचे तर मजुरी बुडते, वर दोघांचे भाडे.

यावल तालुक्यात केळीच्या बागेत राबणाऱ्या एका भगिनीने चौथ्या खेपेनंतर जळगावला जाणे सोडले. आम्ही तिला निष्काळजी म्हणालो. चूक आमची होती. तिची रोजी आम्ही मोजलीच नव्हती. नंतर तिथल्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी घरी करायचे तीन व्यायाम कागदावर काढून दिले: छातीखाली लुगड्याची गुंडाळी देऊन पालथे ठेवणे, भिंतीच्या कोपऱ्यात उशा लावून बसवणे, बाजेची कड धरून उभे करणे. ओढाताण करायची नाही, हेही बजावले. आई कामावर असताना आजी आणि शेजारची नववीतली मुलगी ते करून घेत. आठ महिन्यांनी मूल बाजेला धरून उभे राहिले. चालत नाही अजून. महिन्यातून एकदा ताईंना दाखवावेच लागते, व्यायाम बदलावे लागतात.

त्या एका खेपेचे भाडे आणि आईची एक दिवसाची रोजी मंडळाच्या खात्यातून द्यावी, असा ठराव आम्ही आज मांडत आहोत. आपल्या वस्तीत अशी किती मुले आहेत, याची यादी विद्यार्थी मित्रांनी अंगणवाडीताई व आशाताईंना विचारून पुढच्या बैठकीपूर्वी आणावी.