थट्टा, शरीर आणि अन्न



 या स्मृतिव्याख्यानासाठी मी मुद्दामच एक साधा विषय निवडला आहे. ‘ढोल्या’, ‘भोपळा’, ‘जाड्या’ ही विशेषणे प्रत्येक शाळेच्या मधल्या सुट्टीत ऐकू येतात. लॉरेल आणि हार्डी ही जोडीदेखील मराठीत ‘जाड्या-रड्या’ म्हणूनच रूढ झाली. थट्टा ती, मनावर काय घ्यायची, असे आपण म्हणतो. ही थट्टा ताटापर्यंत कशी पोहोचते, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९८-९९ या वर्षात ३१ शाळांतील ४,७४६ मुलामुलींची पाहणी केली. वजनावरून सोबती चिडवतात, असे ३० टक्के मुलींनी व सुमारे २५ टक्के मुलग्यांनी सांगितले. घरचीच माणसे चिडवतात, असे सांगणाऱ्या मुली जवळजवळ २९ टक्के, तर मुलगे १६ टक्के होते. पाच वर्षांनी त्यांच्यातील अनेकांची पुन्हा पाहणी झाली. चिडवल्या गेलेल्या मुलग्यांत ताबा सुटून बेसुमार खाण्याची सवय नव्याने जडण्याचा संभव इतरांहून अधिक आढळला, आणि चिडवल्या गेलेल्या मुली वारंवार ‘डाएटिंग’ करू लागण्याचा.

खाणे कमी केले तर बिघडले कोठे, असा प्रश्न येथे कोणीही विचारील. त्याचे उत्तर त्याच विद्यापीठातील एका जुन्या प्रयोगात सापडते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अ‍ॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. त्यांचे वजन जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. पण त्याहून विलक्षण होता तो मनातील बदल. त्यांना दिवसभर अन्नाखेरीज दुसरे काही सुचेना. कित्येकजण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. स्वभाव चिडका आणि उदास झाला. पुढे पोटभर अन्न मिळू लागल्यावरही काहींची भूक आवरेना. म्हणजे उपासमार मनाचीही घडण बिघडवते, मग ते मन कितीही खंबीर असो.

हे दोन दुवे जोडले की चक्र ध्यानात येते. थट्टेतून स्वतःच्या देहाची लाज, लाजेतून उपासमार, उपासमारीतून अनावर खाणे, आणि त्यातून पुन्हा लाज. काही मुले याच वाटेवर उलट्या काढू लागतात. त्यामुळे रक्तातील पोटॅशियम घटून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अन्न जवळजवळ वर्ज्य करण्याचा ‘अ‍ॅनोरेक्सिया’ हा आजार तर सर्वाधिक प्राणघातक मनोविकारांपैकी एक आहे. थट्टा हे त्याचे एकमेव कारण नव्हे. आनुवंशिकता आणि स्वभाव यांचाही त्यात वाटा असतो. परंतु आनुवंशिकता आपल्या हाती नाही. जीभ आहे.

डॉक्टर या नात्याने मला असे दिसते की, पालक येतात ते पोटदुखी, केस गळणे किंवा थांबलेली मासिक पाळी यांची तक्रार घेऊन. जेवणाचा विषय बहुधा मलाच काढावा लागतो. आपल्याकडे उपवासाला प्रतिष्ठा असल्याने एखादी मुलगी वाढते उपवास धरू लागली तर घरात तिचे कौतुकच होते. शिवाय आपली रीत दुहेरी. पंगतीत आग्रहाने जिलबी वाढायची, आणि हात धुताना विचारायचे, “कोणत्या गिरणीचे पीठ खातेस गं?” त्या मुलीने कोणते वाक्य खरे मानावे?

“लठ्ठपणा वाईटच ना? टोचून बोलल्याने तरी सुधारेल,” असे काही वडीलधारी मंडळी म्हणतात. अनुभव याच्या उलट आहे. चिडवले जाणारे मूल मैदान टाळते, डबा लपवून खाते, आणि एकटे पडते. खाण्याच्या विकारात मूल हाडकुळेच दिसेल, असेही नाही.

म्हणून शाळेला माझी काही मागणी आहे. आरोग्यतपासणीत वजन वर्गासमोर पुकारू नये. स्नेहसंमेलनात कुंभकर्णाचे काम शरीर पाहून वाटू नये. टोपणनाव कानी पडताच शिक्षकांनी तेथेच अडवावे. कारण गुरुजी हसले की वर्गाला परवाना मिळतो. पालकांना सांगणे इतकेच की, मूल जेवण टाळू लागले, जेवताच न्हाणीघरात जाऊ लागले, सैल कपड्यांत अंग लपवू लागले, तर रागावू नका. डॉक्टरांना आणि मनोविकारतज्ज्ञांना गाठा. लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातून पुढे आलेल्या उपचारपद्धतीत आईवडिलांना दोष न देता मुलाला पुन्हा जेवते करण्याचे काम त्यांच्याच हाती सोपवले जाते. हा आजार बरा होऊ शकतो, आणि उपचार जितके लवकर तितके बरे.

ज्यांच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुले घडवली. त्यांच्या शाळेत एकाही मुलाला आपल्या देहाची लाज वाटू नये, याहून मोठी आदरांजली मला सुचत नाही.