पंचगंगेचे जलचर आणि काठावरचा माणूस

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पाणी गाळून वापरावे, हा श्रावकाच्या घरातील अगदी पहिला संस्कार. जाड, स्वच्छ कापड दुहेरी करून त्यातून पाणी गाळणारी आजी ज्याने लहानपणी पाहिली नाही, असा माणूस या सभेत विरळाच असेल. परंतु या विधीचा उत्तरार्ध आता फारशा घरांत उरलेला नाही. गाळण्यावर राहिलेले सूक्ष्म जीव, म्हणजेच जिवाणी, ज्या विहिरीचे अथवा नदीचे पाणी असेल त्याच पाण्यात परत पोहोचवावी, आणि तीही वरून न ओतता भांडे पाण्याच्या पातळीपर्यंत अलगद उतरवून सोडावी, असा दंडक होता. त्यासाठी तळाशी कडी असलेली बादली वापरीत. ती पाण्याला टेकली की दोर ओढून उलटी करता येई. विहिरीचे जीव नदीत सोडायचे नाहीत आणि नदीचे विहिरीत सोडायचे नाहीत. एका पाण्यातला जीव दुसऱ्या पाण्यात तगेलच असे नाही, ही जाण सूक्ष्मदर्शक यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. पुढे घरोघरी नळ आले. गाळणे तोटीला बांधले गेले आणि जिवाणी मोरीत जाऊ लागली. मोरी गटारात, गटार नाल्यात आणि नाला नदीत, असा तिचा प्रवास सुरू झाला.

गोड्या पाण्याच्या जीवसृष्टीचे अभ्यासक नेमकी हीच गोष्ट वेगळ्या भाषेत सांगतात. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग नद्या, सरोवरे आणि पाणथळ जागांनी व्यापलेला नाही. पण ज्ञात प्राणिजातींपैकी सुमारे दहा टक्के आणि माशांच्या जवळजवळ निम्म्या जाती एवढ्याशा पाण्यात राहतात. समुद्रातला मासा एका किनाऱ्याहून दुसऱ्या किनाऱ्याकडे जाऊ शकतो. नदीतल्या माशाला दुसरी नदी नसते. म्हणूनच २०२५ च्या जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत मासे, खेकडे-झिंगे आणि चतुर यांच्या तेवीस हजारांहून अधिक जाती तपासल्यावर त्यांतील २४ टक्के जाती नामशेष होण्याच्या मार्गावर आढळल्या. सह्याद्रीपुरती अशी तपासणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली होती. तीत १,१४६ जातींपैकी सुमारे १६ टक्के जाती संकटात असल्याची नोंद आहे. यातल्या पुष्कळ जाती सह्याद्रीच्या ओढ्या-नद्यांखेरीज जगात कोठेही सापडत नाहीत.

जगाचे आकडे ऐकून मन विषण्ण होते आणि घरी जाईपर्यंत विसरतेही. म्हणून पंचगंगेकडेच वळणे बरे.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती अशा पाच नद्यांचे पाणी चिखलीजवळच्या प्रयाग संगमावर एकत्र येते आणि तेथून पंचगंगा हे नाव सुरू होते. कोल्हापूर, इचलकरंजी, शिरोळचा परिसर असा जेमतेम ऐंशी किलोमीटरांचा प्रवास करून ती नृसिंहवाडीला कृष्णेस मिळते. एवढ्या लहान नदीने एवढा मोठा संसार क्वचितच कोठे पेलला असेल. राजर्षी शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात राधानगरीचे धरण हाती घेतले, ते या दूरदृष्टीनेच. पुढे ज्याला साऱ्या देशात ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणून ओळखतात, तो साधा, स्वस्त बंधारा याच खोऱ्यात रूढ झाला. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालायचे, पाणी अडवायचे आणि मृग जवळ आला की बरगे काढायचे. या बंधाऱ्यांवर जिल्ह्याचा ऊस उभा राहिला, उसावर साखर कारखाने, कारखान्यांवर शिक्षणसंस्था आणि पुष्कळदा जिनमंदिरांचे जीर्णोद्धारही. या समृद्धीला नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. मात्र तिची किंमत कोणी दिली, हे विचारण्याचा अधिकार सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी तरी असावा.

पहिली किंमत चढणीच्या माशांनी दिली. मृगाचे पहिले पाणी आले की अंड्यांनी भरलेले मासे मोठ्या नदीतून ओढ्यांत, ओढ्यांतून भाताच्या खाचरांत चढतात, उथळ पाण्यात अंडी घालतात आणि पाणी ओसरण्यापूर्वी परततात. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३९ मध्ये दख्खनच्या माशांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हा महासीरच्या एका जातीला त्याने ‘खुद्री’ हे लोकांच्या तोंडचेच नाव दिले. शास्त्रात ते आजतागायत चालू आहे. या माशाला वाहते, थंड, दगडगोट्यांवरून खळाळणारे पाणी लागते आणि उन्हाळा काढायला खोल डोह लागतो. धरणाने वाट अडली, बंधाऱ्यांनी नदीचे तुकडे केले आणि वाळूउपशाने डोहांचा तळ बदलला. वाहत्या नदीची ओळीने मांडलेली तळी झाली. तळ्यात राहणारा मासा त्यात टिकला, प्रवाहात राहणारा मागे हटला.

दुसरी किंमत अधिक भयानक आणि अधिक दृश्य आहे. मासा पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेऊन जगतो. मत्स्यजीवनासाठी लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू हवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे मानक आहे. सेंद्रिय घाण पाण्यात आली की तिचे विघटन करणारे जिवाणू (हे शास्त्रीय अर्थाने, श्रावकाच्या जिवाणीशी गल्लत नको) तोच प्राणवायू खर्च करतात. या खर्चाचे माप म्हणजे जैविक प्राणवायूची मागणी. स्नानायोग्य पाण्यात ती लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. शहरी सांडपाण्यात ती साधारण दोनशे असते आणि आसवनीतून निघणाऱ्या, ज्याला लोक सरसकट मळीचे पाणी म्हणतात त्या द्रवात, चाळीस हजारांच्या घरात जाते. म्हणजे असे एक लिटर पाणी निरुपद्रवी करायला तेरा हजार लिटरांहून अधिक निखळ पाणी हवे. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागे थबकलेल्या पंचगंगेने ते कोठून आणावे? मग एका सकाळी मासे पृष्ठभागावर तोंड काढून तडफडू लागतात आणि दुपारपर्यंत पांढऱ्या पोटांचा थर काठाला लागतो. तेरवाड बंधाऱ्याच्या परिसरात हे दृश्य अनेकदा दिसले आहे. २०२३ च्या मार्च महिन्यात सांगलीजवळ कृष्णेतही असाच खच पडला होता. मेलेले मासे गोळा करायला गर्दी होते, पंचनामा होतो, नमुने जातात, नोटिसा निघतात. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

मासे दिसतात म्हणून बातमी तरी होते. तळाच्या शिंपल्यांची बातमी कोण छापणार? नदीतला शिंपला दिवसाला कित्येक लिटर पाणी आपल्या कल्ल्यांतून गाळतो. गाळण्याचे व्रत पाळणारा हा मूक जीव आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती नाही. त्याच्या पिल्लांची सुरुवातीची अवस्था माशाच्या कल्ल्यांना वा परांना चिकटून वाढते आणि मगच तळाला उतरते. मासा संपला की शिंपल्याची पुढची पिढी नाही, आणि शिंपला संपला की पाणी गाळणारा नाही. एका जीवाच्या मरणात दुसऱ्याचे मरण असे गुंफलेले असते. जलपर्णीचे तसे नाही. दक्षिण अमेरिकेतून शोभेचे झाड म्हणून आलेली ही वनस्पती सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद यांवर फोफावते. इचलकरंजीपासून कुरुंदवाडपर्यंत नदीवर हिरवा गालिचा अंथरला जातो, आणि खालच्या पाण्यात ऊन पोहोचत नाही.

या किमतीतून माणूसही सुटला नाही. २०१२ च्या उन्हाळ्यात दूषित पाण्यामुळे इचलकरंजीत काविळीची साथ पसरली आणि अनेकांचा बळी गेला. पंचगंगेच्या काठी वसलेल्या या वस्त्रनगरीला पिण्यासाठी मजरेवाडीहून कृष्णेचे पाणी आणावे लागले, ही एकच गोष्ट नदीच्या अवस्थेविषयी पुरेशी बोलकी आहे. कोल्हापुरात कसबा बावडा आणि दुधाळी येथे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प उभे राहिले, न्यायालयातही नदीची बाजू मांडली गेली. हे प्रयत्न कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही केंद्रीय मंडळाच्या २०२२ च्या अहवालात देशातील ३११ प्रदूषित नदीपट्ट्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले होते. ही संख्या अन्य सर्व राज्यांपेक्षा जास्त आहे.

येथे समाजाने स्वतःकडे पाहण्याचा क्षण येतो, आणि तो थोडा अवघड आहे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत सरोवर, डोह आणि तलाव यांचे पाणी शोषून घेण्याचा धंदा स्पष्टपणे येतो. यंत्रपीडन, म्हणजे यंत्राने तीळ, ऊस इत्यादी पिळण्याचे कर्म, हेही त्याच यादीत आहे. शेतात ऊस, गावात कारखान्याचा भाग आणि शहरात प्रोसेस असलेल्या कुटुंबांना ही यादी वाचताना चुळबुळ होणारच. शास्त्रकारांनी विहीर खणू नका किंवा शेती सोडा असे म्हटलेले नाही. हिंसा कोठे दडलेली असते ते दाखवले. रंगाचे पाणी रात्री नाल्यात सोडणारा मालक दिवसा प्रवचनात पहिल्या रांगेत बसतो, तेव्हा त्याच्या घरातील गाळणे नेमके कोणाचे रक्षण करते, हा प्रश्न कोणीतरी विचारायला हवा. उसाला पाटाने मनमुराद पाणी देणाऱ्या शिरोळ भागातील जमिनी क्षारपड झाल्या, खताचा अंश निचऱ्याबरोबर नदीत उतरला. ठिबक बसवणे हे येथे केवळ उत्पन्न वाढवण्याचे साधन उरत नाही.

जीवदयेचीही एक बाजू तपासण्याजोगी आहे. बाजारातून जिवंत मासे विकत घेऊन नदीत सोडणे, हे काही ठिकाणी पुण्यकर्म समजले जाते. भावना निर्मळ, परिणाम मात्र उलटा. बाजारात जिवंत मिळणारे मासे बहुधा तळ्यात पोसलेले, परक्या जातींचे असतात. चिलापीने दख्खनच्या जलाशयांत स्थानिक माशांची जागा किती व्यापली, हे उजनीच्या कोळ्यांना विचारावे. आफ्रिकी मांगूर तर हाती लागेल तो जीव खाणारा. त्याच्या पालनावर केंद्र सरकारने २००० सालीच बंदी घातली. असा एक मासा सोडून वाचवलेला जीव मोजता येतो, त्याने पुढे खाल्लेले मोजता येत नाहीत. ‘त्याच पाण्यात परत’ हा जिवाणीचा नियम येथे किती सूक्ष्म होता ते कळते.

त्याच पैशात अधिक मोठी जीवदया घडू शकते. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील महासीर देवीचे मासे मानले जातात, त्यांना कोणी हात लावीत नाही, आणि माणसाच्या चाहुलीला ते निर्भयपणे वर येतात. एक डोह राखला तर खालचे-वरचे पाणी पुन्हा वसू शकते. प्रयाग संगमाच्या वर, जेथे पाणी अजून वाहते आणि तळाचे दगड दिसतात, तेथे असे डोह गावांनी ठरवून राखणे अशक्य नाही. तेथे जाळे नको, सुरुंग नको, वाळूउपसा नको. त्याला कोट्यवधींचा निधी लागत नाही, ग्रामस्थांचा शब्द लागतो.

बरग्यांचेही असेच. पाटबंधारे खात्याने ते एकदम न काढता टप्प्याटप्प्याने काढावेत आणि त्याच वेळी वरच्या धरणातून थोडे ताजे पाणी सोडावे, एवढी मागणी काठच्या संस्थांनी दरवर्षी मे महिन्यातच लेखी करायला हवी. कारण बंधाऱ्यामागे चार-पाच महिने साचलेले काळे पाणी बरगे निघताच एका लोटात खाली जाते. आणि मृगाचे दिवस ते हेच. नृसिंहवाडीच्या संगमाकडून अंड्यांनी जड झालेली मासळी पहिल्या गढूळ पाण्याच्या वासाने वर निघते, वरून तो लोट उतरत असतो, आणि तेरवाडच्या आसपास दोघांची गाठ पडते.