जिवंत कोळंबीला भाव आहे

सातपाटी, मुरबे, नवापूर, दांडी, कुठल्याही बंदरावर विचारा. मेलेली कोळंबी वाट्यावर जाते, जिवंत कोळंबी नगावर. जिताडा, तांबोशी गरवायला येणारी हौशी मंडळी गळाला लावायला फडफडती कोळंबीच मागतात. ती गिऱ्हाईक येईपर्यंत टिकवायची कशी, एवढाच प्रश्न.

आमच्या गटातल्या बाया बॅटरीवरचा हवेचा पंप वापरतात. मुठीत मावेल एवढा डबा, एक नळी आणि टोकाला सच्छिद्र दगड. मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो.

बालदीतली कोळंबी भुकेने मरत नाही, गुदमरते. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. गोड्या पाण्यात २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, ३० अंशाला साडेसात. खाऱ्या पाण्यात त्याहूनही कमी. म्हणून आधी सावली. बालदीपेक्षा थर्माकोलची पेटी बरी. बर्फ थेट टाकू नका, खारं पाणी पातळ होतं. बंद बाटलीत गोठवून ती पाण्यात सोडा. दगडातून बुडबुडे बारीक यायला हवेत. पंप पाण्याच्या वर टांगा, नाहीतर बंद पडल्यावर पाणी नळीतून उलटं त्यात शिरतं. तळाला जुन्या जाळ्याचा तुकडा टाकला की कोळंबी त्याला धरून शांत बसते.

पंप आहे म्हणून पेटी गच्च भरायची नाही. कोळंबीच्या घाणीतून अमोनिया होतो, तो बुडबुड्यांनी जात नाही. मेलेली लगेच काढा, आणि थोडं थोडं पाणी त्याच खाडीच्या पाण्याने बदला. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं.

आता त्या खाडीच्या पाण्याचंच बोलू. तारापूर औद्योगिक क्षेत्राच्या सांडपाण्याचा प्रश्न अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे नेला, हे तुम्हाला ठाऊक आहे. पंप पाण्यात हवा घालतो, विष काढत नाही. पाण्याला वास, रंग किंवा फेस दिसला तर ते भरूच नका. शंका असेल तर दोन कोळंब्या सोडून तासभर बघा, मगच बाकीच्या टाका.

पंप एकटीने घ्यायची गरज नाही. दोघी-तिघींत एक पुरतो, पण बॅटरीचा जादा जोड कमरेच्या पिशवीत हवाच.