‘ड्रॅगन क्वेस्ट’चे गुणदोष

खेळ म्हटला कीं हारजीत आलीच. परंतु हरल्यावरही खेळणाऱ्याच्या पदरीं कांहीं शिल्लक राहील, असा खेळ विरळा. जपानांतील एनिक्स कंपनीनें २७ मे १९८६ रोजीं ‘फॅमिकॉम’ या घरगुती खेळयंत्रासाठीं बाजारांत आणलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट’ हा व्हिडिओ गेम अशांपैकीं एक होय. त्याचें कथानक आजीच्या गोष्टींतलें वाटावें असें आहे. एक राजा, पळवून नेलेली राजकन्या, एक दुष्ट ड्रॅगनराज आणि त्याच्यावर चालून जाणारा एकटा वीर! खेळणारानें त्या वीराची भूमिका घ्यावयाची, गांवोगांव हिंडून लोकांकडे विचारपूस करावयाची, वाटेंतल्या राक्षसांशीं झुंजून बळ कमवावयाचें आणि शेवटीं ड्रॅगनराजाचा निःपात करावयाचा.

या जातीचे भूमिकाखेळ अमेरिकेंतील संगणकांवर आधींपासून होते. १९८१ सालीं निघालेले ‘विझार्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ हे त्यांतले प्रमुख. परंतु ते कळफलकाशीं परिचय असलेल्यांचे खेळ. ज्यानें असा खेळ कधीं पाहिलाही नाहीं अशा मुलास तो थोडक्या बटणांवर जमावा, अशी योजना युजी होरी यांनीं केली. चित्रें अकिरा तोरियामा यांचीं, संगीत कोइची सुगियामा यांचें आणि आज्ञावली रचण्याचें मुख्य काम कोइची नाकामुरा यांचें.

होरी यांचें शिक्षककौशल्य पहिल्याच दालनांत दिसतें. राजा कामगिरी सांगतो, परंतु दालनाचें दार बंद. तेथल्या पेट्या उघडाव्या तेव्हां सोनें, मशाल आणि किल्ली हातीं लागते. किल्लीनें दार उघडतें. मग जिना उतरावयाचा. बाहेर पडेपर्यंत खेळांतल्या बऱ्याचशा आज्ञा विद्यार्थ्यानें स्वतःच्या हातानें गिरवलेल्या असतात. बाहेर येतांच पाण्यापलीकडे ड्रॅगनराजाचा किल्ला दिसतो. ध्येय डोळ्यांसमोर असतें, पण तेथें पोंचण्यास सारा मुलूख पालथा घालावा लागतो. पूल ओलांडला कीं शत्रू अधिक बळकट भेटतात. त्यामुळें कोठवर जावें हें फलक न लावतांही कळतें.

पहिला शत्रू म्हणजे ‘स्लाइम’ नांवाचा थेंबाच्या आकाराचा हसरा जीव. त्याला मारलें कीं अनुभवाचा १ गुण मिळतो, आणि असे ७ गुण झाले कीं वीर दुसऱ्या पायरीवर चढतो. अशा पायऱ्या एकंदर ३०. वीर पडला तर तो पुन्हां राजापुढें उभा राहतो. राजा त्याची कानउघाडणी करतो, जवळचें अर्धें सोनें जातें. परंतु मिळवलेला अनुभव तिळमात्र कमी होत नाहीं. नापास झालेल्या मुलाच्या डोक्यांतलें ज्ञान जसें कोणास काढून घेतां येत नाहीं, तसेंच हें.

हा सारा पसारा बसविण्यास कार्ट्रिजमध्यें, म्हणजे महाराष्ट्रांतील मुलें पुढें जिला ‘कॅसेट’ म्हणूं लागलीं तिच्यांत, जागा होती अवघी ६४ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेलें एक साधें छायाचित्रही याहून कितीतरी मोठें भरतें. या दारिद्र्यांतून कांहीं गुण निपजले. गुहांसाठीं एकच चाल बांधलेली. पण वीर जसजसा खोल उतरतो तसतशी ती खालच्या पट्टींत जाते, आणि ऐकणाराच्या मनांतलें भय वाढतें. कताकाना लिपीचीं सारीं अक्षरें मावेनात, तेव्हां निवडक अक्षरांतच राक्षसांचीं नांवें रचलीं.

त्याच दारिद्र्यांतून दोषही आले. वीराचें तोंड सदा खेळणाराकडे. म्हणून कोणाशीं बोलावयाचें तर दिशा निराळी सांगावी लागे. जिना चढण्यासही स्वतंत्र आज्ञा! खेळ जपून ठेवण्याची सोय नव्हती. म्हणून राजा २० अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो वहींत उतरून घेऊन पुढच्या वेळीं जसाच्या तसा भरावा लागे. उतरतांना एक अक्षर चुकलें कीं कित्येक तासांचे श्रम वायां.

परंतु हे दोष किरकोळ होत. मोठा दोष उत्तरार्धांत आहे. तेथें नवें शिकण्यासारखें थोडें उरतें आणि मजुरी वाढते. सर्वांत भारी ढालीची किंमत १४,८०० नाणीं. तेवढीं जमविण्यास त्याच माळरानावर तेच शत्रू पुनःपुन्हां मारीत हिंडावें लागतें. आणि मध्येंच वीर पडला तर निम्मी पुंजी गेली! लढाई नेहमीं एकास एक, त्यामुळें डावपेंचास वाव बेताचाच. घाव घालावा, जखम भरावी, पुन्हां घाव घालावा. पूर्वार्धांत जो अभ्यास होता, त्याची येथें घोकंपट्टी होते. अभ्यासानें अंगीं कांहीं नवें येतें. घोकंपट्टीनें केवळ आंकडा वाढतो. वीर बलवान होतो, खेळणारा मात्र होता तेथेंच राहतो.

या मताला पुढील आवृत्त्यांतून दुजोरा मिळतो. १९८९ सालीं हा खेळ ‘ड्रॅगन वॉरियर’ या नांवानें अमेरिकेंत गेला, तेव्हां मंत्राऐवजीं बॅटरीच्या साह्यानें खेळ जपला जाऊं लागला आणि वीराचें तोंड चालण्याच्या दिशेस वळलें. १९९३ सालीं ‘सुपर फॅमिकॉम’ यंत्रासाठीं पहिला व दुसरा भाग एकत्र निघाला, तेव्हां शत्रूंपासून मिळणारा अनुभव आणि सोनें वाढवून मजुरी हलकी केली गेली. पाण्यापलीकडचा किल्ला आणि पराभवांतही शाबूत राहणारा अनुभव मात्र तसाच राहिला.

तरीही त्या मजुरीच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. शेवटच्या भेटींत ड्रॅगनराज वीराला अर्धें जग देऊं करतो. ‘होय’ म्हटलें कीं सर्वनाश. ‘नाहीं’ म्हटलें कीं निकराची लढाई. हें आमिष पहिल्याच दिवशीं दाखवलें असतें तर त्यास कोणी विचारलेंही नसतें. श्रमून थकलेल्यासच तें गोड लागतें, आणि म्हणूनच तेथें दिलेल्या नकारास किंमत आहे.

जुना म्हणून या खेळाची थट्टा करणें सोपें. बालपणींची आठवण म्हणून तो डोक्यावर घेणेंही सोपें. त्याचा खरा उपयोग कसोटीसारखा आहे. मुलांच्या हातीं नवा खेळ येईल, तेव्हां घरांतल्या वडीलधाऱ्यांनीं एवढेंच पाहावें : तासाभरानंतर पडद्यावरचा वीरच तेवढा पुढें गेला, कीं त्याच्याबरोबर खेळणारें मूलही?