बिनतारी यंत्राची मालकी कोणाची?

(भूम येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



भूमसारख्या तालुक्याच्या गावी मालकीचा प्रश्न निघाला की तो जमिनीचा असतो, पाण्याचा असतो, दुधाच्या आणि खव्याच्या भावाचा असतो. बालाघाटच्या या पठारावर पाऊस दगा देतो तेव्हा दुभत्या जनावरांनीच अनेक घरे तगवली आहेत. तेव्हा आज ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे तिचे नाव ऐकून काहींना नवल वाटेल. ती वस्तू म्हणजे संगणकाच्या यूएसबी खाचेत बसणारे, अंगठ्याच्या पेराएवढे, काही शे रुपयांना मिळणारे वायफायचे डोंगल. परंतु उत्पादनाच्या साधनांवर ताबा कोणाचा, हा समाजवादी चळवळीचा जुना प्रश्न या चिमुकल्या वस्तूत जितका स्पष्ट दिसतो तितका मोठमोठ्या कारखान्यांतही दिसत नाही.

हा प्रश्न आजच का उपस्थित व्हावा, तेही पाहिले पाहिजे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची नियमित देखभाल थांबवली. पुढची विंडोज ११ जुन्या संगणकांवर चढत नाही. तिला नवे प्रोसेसर आणि टीपीएम नावाची सुरक्षा-चिप लागते. शाळांत, सार्वजनिक वाचनालयांत, पतसंस्थांत असलेले कितीतरी संगणक यामुळे एका तारखेला निकामी ठरले. त्यांचे काही मोडलेले नव्हते. कळफलक चालत होता, पडदा दिसत होता. देखभाल तेवढी संपली होती. अशा यंत्रांना दुसरे आयुष्य देण्याचा मार्ग म्हणजे मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजेच ग्नू-लिनक्स. ते वापरण्यास, तपासण्यास, बदलण्यास आणि दुसऱ्याला देण्यास कोणाची आडकाठी नाही. ते शिकवणारे मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही उपलब्ध आहेत.

समजा, एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील उत्साही शिक्षकाने जुन्या संगणकावर लिनक्स चढवले. सारे काही सुरळीत चालते. फक्त एक गोष्ट चालत नाही: शाळेच्या राउटरशी बिनतारी संबंध जोडला जात नाही. तो तालुक्याच्या दुकानातून डोंगल आणतो. खोक्यावर लिनक्सचे नाव असते, तरी ते चालत नाही. दुकानदार म्हणतो, ‘विंडोजवर चालते ना, मग माल चांगला आहे.’ शिक्षक निराश होतो आणि गाव असा निष्कर्ष काढते की फुकटच्या वस्तूत काही राम नाही. हा निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा आहे. पण तो का चुकीचा आहे हे समजावून सांगणारा माणूस तेथे नसतो. हे काम कार्यकर्त्याचे आहे, आणि त्यासाठी यंत्राच्या पोटात डोकावणे भाग आहे.

डोंगल चालण्यासाठी दोन प्रकारचे सॉफ्टवेअर लागते. पहिला ड्रायव्हर. तो संगणकात राहतो आणि डोंगलशी कसे बोलायचे हे संगणकाला सांगतो. दुसरे फर्मवेअर. ते डोंगलमधील चिपच्या आत चालते आणि रेडिओलहरींचे प्रत्यक्ष काम पाहते. पुष्कळ डोंगलांत हे फर्मवेअर कायम साठवलेले नसते. डोंगल खाचेत बसवले की संगणक ती फाईल त्याच्या हाती देतो आणि मग ते जागे होते. लिनक्समधील अनेक ड्रायव्हर आज मुक्त आहेत, ही मोठी कमाई होय. मात्र चिपमध्ये जाणारी फाईल बहुतेक कंपन्या केवळ यंत्रभाषेतील आकड्यांच्या स्वरूपात देतात. ती वाचता येत नाही, दुरुस्त करता येत नाही. म्हणजे घराचा दरवाजा उघडा आणि तिजोरीच्या खोलीला कुलूप, अशी अवस्था.

या कुलपाविरुद्धची चळवळही एका यंत्राच्या नादुरुस्तीतूनच उभी राहिली. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेला झेरॉक्स कंपनीचा छपाईयंत्र मिळाला. त्यात कागद अडकला की तशी सूचना सर्वांना जावी, एवढीच सुधारणा रिचर्ड स्टॉलमन या तरुण प्रोग्रामरला करायची होती. मूळ संहिता मिळाली नाही. ती ज्याच्याकडे होती त्या संशोधकाने गुप्ततेच्या करारावर सही केली होती. सहकाऱ्याला मदत करणे हा करारभंग ठरावा, ही गोष्ट स्टॉलमन यांना असह्य झाली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना आणला. जो या परवान्याखालील सॉफ्टवेअर पुढे देईल त्याने मूळ संहिताही दिलीच पाहिजे, ही त्यातील मुख्य अट.

त्या अटीचा प्रताप २००३ मध्ये दिसला. लिंक्सिस कंपनीच्या डब्ल्यूआरटी५४जी या राउटरमध्ये लिनक्स वापरल्याचे जाणकारांच्या लक्षात आले. जीपीएलनुसार संहिता मागण्यात आली आणि कंपनीला ती द्यावी लागली. त्यातूनच पुढच्या वर्षी ओपनडब्ल्यूआरटी हा राउटरसाठीचा मुक्त प्रकल्प निघाला. तथापि त्या राउटरमधील ब्रॉडकॉमच्या रेडिओचा ड्रायव्हर तेव्हाही बंदच राहिला. शेवटचा बुरूज हा नेहमी रेडिओचाच राहिला आहे.

आता बाजाराकडे वळू. अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक सिद्धांत मांडला: विक्रेत्याला मालाची खरी जात ठाऊक असते, ग्राहकाला नसते, तेव्हा चांगला माल हळूहळू बाजारातून हद्दपार होतो. २००१ मध्ये त्यांना मिळालेल्या नोबेल पुरस्कारामागे हेच काम होते. या सिद्धांताचे याहून चांगले उदाहरण शोधायला नको. टीपी-लिंक कंपनीच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या डोंगलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती. मुक्त सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही चिप अत्यंत मोलाची. दुसऱ्या आवृत्तीपासून त्याच नावाच्या डोंगलमध्ये रिअलटेक कंपनीची वेगळी चिप आली, जिला बंद फर्मवेअर लागते. नाव तेच, क्रमांक तोच. बदल कळणार तो आवृत्तीच्या बारीक अक्षरातील आकड्यावरून. खव्यात भेसळ झाली तर भट्टीवाल्याला चव घेऊन सांगता येते. चिपची चव कोण घेणार?

एआर९२७१ मोलाची का, हेही सांगितले पाहिजे. अथेरॉस कंपनीने २००८ पासून लिनक्ससाठी मुक्त ड्रायव्हर देण्याचे धोरण स्वीकारले. २०११ मध्ये क्वालकॉमने ही कंपनी घेतली. त्यानंतर २०१३ च्या सुमारास या चिपच्या फर्मवेअरची मूळ संहिताच मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाली. थिंकपेंग्विन या छोट्या कंपनीने यासाठी पाठपुरावा केला, आणि त्याच वर्षी तिच्या डोंगलला फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचे ‘तुमच्या स्वातंत्र्याचा आदर करणारे’ हे प्रमाणपत्र मिळाले. डेबियन या लिनक्स वितरणाच्या मुक्त भांडारात आज हे फर्मवेअर आहे. मोठ्या कंपनीतील काही समंजस अभियंते आणि बाहेरून नेटाने मागणी करणारे लोक एकत्र आले की बंद दार उघडते, हा या प्रकरणाचा धडा.

उलट धडा महाराष्ट्राच्याच मातीत मिळाला. गरीब देशांतील मुलांसाठी स्वस्त लॅपटॉप बनवण्याची ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही योजना एमआयटीचे निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये जाहीर केली. भारत सरकारने २००६ मध्ये ती नाकारली. तरी २००७ मध्ये महाराष्ट्रातील खैरात या लहानशा गावातील एकशिक्षकी शाळेत तिचा प्रयोग झाला. त्या लॅपटॉपची प्रणाली मुक्त होती. मुलाने वाटल्यास आपल्या यंत्राची संहिता उघडून पाहावी, हा तिचा अभिमानाचा मुद्दा होता. पण एका लॅपटॉपमधून दुसऱ्यापर्यंत बिनतारी जाळे विणणारी मार्व्हेल कंपनीची चिप बंद फर्मवेअरवर चालत असे. ओपनबीएसडी प्रकल्पाचे थिओ डी राट यांनी २००६ मध्येच त्यावर कडक टीका केली, आणि स्टॉलमन यांनीही हा दोष दाखवून दिला. मुलांना जगाशी जोडणारा दुवाच परक्याच्या ताब्यात राहिला. उदात्त हेतूने आखलेल्या योजनेलाही घाऊक खरेदीच्या वेळी कंपनीला ही अट घालता आली नाही, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कंपन्यांची बाजू ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात, फर्मवेअर खुले केले तर कोणीही लहरींची शक्ती वाढवील आणि इतरांच्या संदेशवहनात अडथळा आणील. धोका खोटा नाही. परंतु नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणे वेगळे आणि सर्वांचीच यंत्रे कुलपात ठेवणे वेगळे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने २०१६ मध्ये टीपी-लिंकला जादा शक्तीच्या राउटरबद्दल दोन लाख डॉलर दंड केला. त्याच समझोत्यात, राउटरवर बाहेरचे मुक्त सॉफ्टवेअर चालावे यासाठी कंपनीने सहकार्य करावे, असेही ठरले. दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, याचा हा पुरावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये रेडिओलहरी वाहून नेणारे आकाश ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा दिला. २००५ मध्ये भारत सरकारने २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला. आकाश जनतेचे, पट्टा मुक्त, आणि त्यात प्रवेश करण्याचे यंत्र मात्र बंद, ही विसंगती कोणी विचारात घ्यायची?

सुरक्षिततेचाही प्रश्न आहे. २०१७ मध्ये ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपच्या फर्मवेअरमध्ये गंभीर दोष सापडले. आयफोन आणि अँड्रॉइड अशा दोन्ही प्रकारच्या असंख्य फोनांत त्या चिप होत्या, आणि मालकाने काहीही न करता हवेतूनच त्यांत शिरकाव करता येणे शक्य होते. दोष मुक्त सॉफ्टवेअरमध्येही असतात. पण तेथे ते शोधण्याचा आणि दुरुस्त करण्याचा अधिकार सर्वांना असतो. दूध संकलन केंद्रावरचा काटा तपासलेला आणि शिक्का मारलेला असावा, हा आग्रह शेतकरी धरतो आणि वैध मापन कायदा त्याच्या पाठीशी उभा राहतो. आपले पत्र, आपला व्यवहार, आपले मत ज्या यंत्रातून जाते त्याच्या तपासणीचा आग्रह मात्र अजून कोणी धरत नाही.

या मार्गाच्या मर्यादा लपवून कोणाचे भले होणार नाही. एआर९२७१ फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालते आणि कागदोपत्री वेग सेकंदाला १५० मेगाबिट एवढाच. वायफायच्या नव्या पिढ्यांसाठी मुक्त फर्मवेअर असलेले डोंगल बाजारात नाही. या अडचणीमुळेच डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ प्रकल्पानेही २०२२ मध्ये मतदान घेऊन बंद फर्मवेअर आपल्या अधिकृत स्थापना-संचात घेण्याचे ठरवले आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते अमलात आले. त्यांना दोष देणे सोपे आहे. वायफायच चालले नाही तर नवखा माणूस पहिल्याच पायरीवरून परत फिरतो, ही त्यांची अडचण खरी होती. मात्र तडजोड ही तडजोड म्हणून ओळखावी, तिला धोरण समजू नये. धडे पाहणे, पत्र पाठवणे, अर्ज भरणे या शाळेच्या आणि वाचनालयाच्या कामांना जुन्या पिढीचा वेगही पुरतो.

तेव्हा करायचे काय? खरेदी करताना नाव पाहू नये, चिप पाहावी. लिनक्सवर डोंगल लावून ‘एलएसयूएसबी’ ही आज्ञा दिली की त्याचा ओळखक्रमांक दिसतो. तो ०सीएफ३:९२७१ असेल तर बहुधा हवी ती चिप हाती आली. पैसे देण्यापूर्वी दुकानातच लावून पाहावे, आणि दुकानदाराशी भांडण्याऐवजी त्याला ही गोष्ट शिकवावी. भंगारात जाणाऱ्या जुन्या लॅपटॉपमध्ये अथेरॉसची छोटी कार्डे सापडतात. त्यांपैकी एथ९के या ड्रायव्हरवर चालणाऱ्यांना बाहेरून फर्मवेअर द्यावेच लागत नाही आणि त्यांतील काही ५ गिगाहर्ट्झवरही चालतात. काही लॅपटॉप परके कार्ड स्वीकारत नाहीत, एवढे पाहून घ्यावे. आयटीआयच्या मुलांना हे काम सहज जमेल आणि दोन पैसेही मिळतील.

पण एकेकट्या ग्राहकाच्या जागरूकतेने बाजार बदलत नाही, हे अकरलॉफ यांच्या सिद्धांताचेच तात्पर्य आहे. बाजार बदलतो तो मोठ्या खरेदीदाराच्या अटीने, आणि या देशातील मोठा खरेदीदार शासन आहे. केंद्र सरकारने २०१५ मध्ये मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. तेच तत्त्व यंत्रांच्या निविदेत उतरले पाहिजे: शाळेसाठी घेतलेल्या प्रत्येक उपकरणाच्या चिपचे नाव लिहून द्यावे, आणि मुक्त ड्रायव्हर व फर्मवेअर असलेल्या मालाला पहिली पसंती मिळावी. ग्रामपंचायतीत, पंचायत समितीत, जिल्हा परिषदेत जे निवडून जातात त्यांनी हा प्रश्न लेखी विचारावा. माहितीचा अधिकार त्यासाठीही आहे.

१९२९ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. चरखा दीडशे रुपयांच्या आत बसावा, वीस वर्षे टिकावा आणि त्याच्या दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या शेकडा पाचांहून अधिक नसावा, अशा त्याच्या अटी होत्या. यंत्राला विरोध नव्हता. यंत्राने माणसाला परावलंबी करू नये, एवढीच मागणी होती. ते बक्षीस कोणाला मिळाले नाही, पण त्या अटी आजही तपासायला घेण्याजोग्या आहेत. खाचेत बसणाऱ्या त्या पेराएवढ्या वस्तूला त्या लावून पाहाव्यात. जी वस्तू पैसे मोजून घेतली ती उघडता येते का, दुरुस्त करता येते का, आणि कंपनीने पाठ फिरवली तरी चालते का, हे तीन प्रश्न या तालुक्यातील प्रत्येक शाळेच्या पुढच्या खरेदीच्या वेळी विचारले गेले, तर या अभ्यासवर्गाचे सार्थक झाले असे म्हणता येईल.