थ्री-नॉट-थ्री : हत्यार आणि हात



कामगार चळवळीतल्या माणसाने बंदुकीवर काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींच्या मनात येईल. पण बंदूक हेही एक यंत्रच आहे, आणि यंत्रामागचा माणूस हा माझा आयुष्यभराचा विषय आहे.

पोलीस जिला थ्री-नॉट-थ्री म्हणतात, तिचे नाव ली-एनफील्ड. जेम्स पॅरिस ली हा घड्याळजीचा मुलगा. १८३१ साली स्कॉटलंडात जन्मला, कॅनडात वाढला, पुढे अमेरिकेत गेला. ब्रिटिश सैन्याने १८८८ साली त्याची रचना मेटफर्डच्या नळीसह स्वीकारली. परंतु कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने त्या नळीतले उथळ आटे लवकर झिजू लागले. म्हणून १८९५ साली एनफील्डच्या सरकारी कारखान्याचे खोल आटे आले आणि जोडनाव पडले.

बोल्ट म्हणजे दाराची कडीच. दांडी उचलून मागे ओढली की रिकामे टरफल बाहेर पडते; पुढे ढकलून खाली दाबली की नवे काडतूस आत जाते आणि कडी लागते. जर्मन माउझरमध्ये कडी अडवणाऱ्या मुख्य खुंट्या पुढच्या टोकाला असत. लीने त्या मागे ठेवल्या. त्यामुळे बोल्टची येरझार आखूड झाली. माउझरमध्ये पाच काडतुसे मावत, हिच्यात दहा. १९१४ च्या सुमारास ब्रिटिश शिपायाकडून मिनिटाला पंधरा नेमक्या गोळ्यांची अपेक्षा असे. साच्यावर काम केलेल्याला हे लगेच उमगेल : हाताची हालचाल बोटभर वाचली, तरी पाळीअखेर केवढा फरक पडतो!

आता हाच हिशेब दुसरीकडे मांडू. १३ एप्रिल १९१९, अमृतसरची जालियनवाला बाग. जनरल डायरच्या पन्नास शिपायांच्या हाती याच जातीच्या बंदुका होत्या. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या. म्हणजे माणशी तेहेतीस. मिनिटाला पंधराच्या वेगाने हे काम सव्वादोन मिनिटांचे. दहा मिनिटे लागली, याचा अर्थ माणशी अठरा सेकंदांना एक गोळी. ही भेदरलेल्या माणसांची धांदल नव्हे. दोन गोळ्यांच्या मध्ये "थांबा" म्हणण्याइतका वेळ होता. तो हुकूम आला नाही. गर्दी दाट असेल तिकडे मारा वळवण्याचा आला. सरकारी आकड्यानुसारच ३७९ माणसे मेली.

पुढे बंगालातील इशापूरच्या कारखान्यात आपल्याच कामगारांनी ही बंदूक वर्षानुवर्षे घडवली, आणि स्वातंत्र्यानंतरही ती पोलिसांकडे राहिली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काही पोलीस हीच बंदूक घेऊन मारेकऱ्यांच्या स्वयंचलित रायफलींपुढे उभे राहिले. प्रत्येक गोळीनंतर त्यांना बोल्ट ओढावा लागत होता. त्यांच्या धैर्याचा आपण गौरव केला, तो योग्यच. पण कामगाराला जुने अवजार देऊन त्याच्या हिमतीवर काम भागवणे ही मालकाची जुनी रीत आहे, आणि तिला शौर्य म्हणून चालणार नाही.

लीने केले ते कसबी कारागिराचे काम होते. म्हणून हत्यार पाहिले की दोन प्रश्न विचारावेत. हुकूम कोणी दिला? आणि हेच हत्यार या माणसाच्या हाती द्यायचे कोणी ठरवले? ही उत्तरे कारखान्यात सापडत नाहीत. ती कचेरीत जाऊन मागावी लागतात. ती मागण्याचे काम तुमचे-आमचे आहे.