धूर कुणाच्या वाट्याला?

(तालुक्यातील महिला गटांच्या कार्यकर्त्यांसाठी झालेल्या शिबिरातील भाषणाचा मजकूर)



दारूविरुद्ध, रेशनसाठी, मजुरीसाठी आपण मोर्चे काढले. चुलीच्या धुराविरुद्ध निघालेला मोर्चा मी तरी पाहिलेला नाही. चुलीपुढं डोळे चोळणारी बाई आपल्या इतकी सवयीची आहे, की त्यात काही अन्याय आहे असं वाटतच नाही. ऊन तापतं, पाऊस पडतो, तसा धूर होतो! पण धूर असा आपोआप होत नाही. सरपण कुणी आणायचं, फुंकणी कुणी हातात घ्यायची आणि घरातला पैसा आधी कशावर खर्च करायचा, हे ठरलेलं असतं. म्हणून हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

आधी धुरात काय असतं ते पाहू. लाकूड, गोवऱ्या, तुराट्या, पऱ्हाट्या चुलीत पूर्ण जळत नाहीत. त्या अर्धवट जळण्यातून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू आणि अतिशय बारीक कण तयार होतात. हे कण नाकात अडकत नाहीत, थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मर्यादेप्रमाणे एक घनमीटर हवेत असे कण चोवीस तासांच्या सरासरीनं १५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. आपल्या देशाची मर्यादा ६० आहे. स्वयंपाक चालू असताना चुलीजवळ हा आकडा शेकड्यांत असतो, कित्येकदा हजाराच्या वर जातो.

हे नव्यानं कळलेलं नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटी यंत्रं लावून धूर मोजला होता. या धुराचा संबंध दमा, जुनाट खोकला, मोतीबिंदू, हृदयविकार, कमी वजनाची बाळं आणि लहान मुलांचा न्यूमोनिया यांच्याशी आढळला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातल्या धुरामुळं जगात ३२ लाख माणसं दगावली. त्यांत २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं पाच वर्षांच्या आतली होती. आई चुलीपुढं आणि मूल तिच्या मांडीवर, याचा हा हिशेब आहे.

मग सरकारनं काहीच केलं नाही का? केलं. १९८० च्या दशकात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तीन कोटींहून जास्त चुली वाटल्या गेल्या आणि २००२ साली कार्यक्रम बंद पडला. धुराडं काजळीनं बुजलं तर साफ कोण करणार, भाकरीचा तवा त्यावर नीट बसतो का, हे चूल वापरणारीला कुणी फारसं विचारलंच नाही. ओडिशातल्या गावांत अशाच सुधारित चुलींची चार वर्षं पाहणी झाली. पहिल्या वर्षी बायकांच्या पोटात जाणारा धूर कमी झाला, पण पुढं देखभालीअभावी काही फरक उरला नाही.

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना आली. जोडणी बाईच्या नावावर, ही गोष्ट चांगलीच झाली. सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या झाल्या. पण टाकी घरात येणं वेगळं आणि ती भरून येत राहणं वेगळं. २०२३-२४ मध्ये उज्ज्वलाच्या घरांनी वर्षाला सरासरी चारच्या आसपास सिलिंडर घेतले. दोन्ही वेळचा सगळा स्वयंपाक गॅसवर करणाऱ्या पाच माणसांच्या घराला याच्या दुप्पट तरी लागतात. मार्च २०२३ मध्ये मुंबईत सिलिंडर ११०० रुपयांच्या वर गेला होता. अनुदान नंतर खात्यात येतं, पण पैसे आधी मोजावे लागतात. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात एकदम एवढी रक्कम असते कुठं?

म्हणून गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या भाकरीला, आंघोळीच्या पाण्याला. सरकारी पाहणीत मात्र घरात मुख्यतः कोणतं इंधन वापरता एवढंच विचारतात. गॅसच्या घरातली चूल त्या आकड्यात दिसत नाही.

याच्या मुळाशी आणखी एक गोष्ट आहे. सिलिंडरला पैसे पडतात, मोळी 'फुकट' येते. ती फुकट का? कारण ती आणणाऱ्या बाईच्या वेळेला मोल नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. पुरुषांची ९७. मोळीमागची पायपीट, डोक्यावरचं ओझं, काळ्या भांड्यांची घासाघीस आणि पुढं दवाखान्याचा खर्च हिशेबात धरला, तर चूल स्वस्त राहत नाही. पण हिशेब मांडणाऱ्याच्या नाकात धूर जात नाही.

आणि 'चुलीवरच्या भाकरीची चव' म्हणणाऱ्यांना आपण एवढंच म्हणू या, की चव हवी तर फुंकणीही हातात घ्या.

मात्र गावात जाऊन 'बायांनो, चूल सोडा' असा उपदेश करू नका. धूर वाईट हे बाईला आपल्याआधी कळलेलं आहे. पैसा आणि निर्णय तिच्या हातात नाही, ही अडचण आहे. तेव्हा काम असं करू या.

एक, प्रत्येक गटानं आपल्या वस्तीत विचारावं: गेल्या वर्षी किती सिलिंडर आले? नोंदवायचं कुणी ठरवलं? पैसे कुणी दिले? कोणता स्वयंपाक अजून चुलीवर होतो?

दोन, महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत वर्षाला तीन सिलिंडर मोफत देण्याचं जाहीर केलं. जोडणी बाईच्या नावावर असण्याची अट आहे. आपल्या गावात कुणाच्या नावावर जोडणी आहे आणि पैसे कुणाच्या खात्यात जमा झाले, याची यादी करून ग्रामसभेत वाचावी.

तीन, शाळेचा पोषण आहार जिथं अजून लाकडावर शिजतो, तिथं शिजवणाऱ्या बायकांसाठी गॅसची मागणी आधी लावून धरावी. ते सरकारचंच स्वयंपाकघर आहे.

चार, प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या बाईला 'घरात चूल आहे का?' हे विचारलं जावं, आणि उत्तर केसपेपरवर लिहिलं जावं.

आणि तोवर? स्वयंपाकघराला झरोका, ओल्या लाकडाऐवजी वाळलेलं सरपण, बाळ चुलीपासून दूर. यानं धूर थोडा घटेल, प्रश्न सुटणार नाही. तो सुटेल तो बाईच्या श्वासाची किंमत घराच्या आणि सरकारच्या खर्चात धरली जाईल तेव्हा. ती धरायला लावणं हे आपलं काम आहे.